पाण्याकडच्या दाराची तुळई

ठिणगी मावशीला राग यायला कारण लागत नाही, असं तळ्याकाठची माणसं म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण लागायचंच, ते शोधायला तिला लांब जावं लागत नसे, एवढंच. नवी सून म्हणून आली तेव्हाच तिला ठिणगी हे नाव पडलं होतं. पुढे केस पिकले तसं लोकांनी, थोड्या आदरानं आणि बऱ्याचशा भीतीनं, त्याला मावशी जोडलं.

त्या सकाळचं कारण तिच्या खांद्यावरच होतं. मावशी जाळी विणायची. आधी माशांची, आणि तळ्यातले मासे कमी झाले तशी व्हॉलीबॉलची, शाळेच्या खिडक्यांची, हॉटेलवाल्यांच्या झुल्यांची. इतिहास जतन मंडळानं संग्रहालयासाठी तिच्याकडे एक जाळं मागितलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना नुसतं मास्तर म्हणत. ते म्हणाले होते, जरा जुनं दिसेल असं विण. नवं जाळं विणायचं आणि चहाच्या पाण्यात उकळून जुनं करायचं, अशी त्यांची कल्पना. मावशीनं विचारलं होतं, मग मास्तर, तुम्हाला उकळून नवं करता येईल का? तेव्हापासून मास्तर तिच्याशी जपून बोलत.

शेवटी तिनं माळ्यावरचं खरंखुरं जुनं जाळं काढलं, जागोजाग सांधलेलं, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते खांद्यावर टाकून होडीघराकडे निघाली.

होडीघर म्हणजे तळ्याच्या काठावरची एक लांबलचक दगडी शेड. एक दार रस्त्याकडे, एक पाण्याकडे. नकाशात त्या पाण्याला सरोवर म्हणत, कारण पलीकडचा काठ नीट दिसत नसे. काठावरची माणसं मात्र तळंच म्हणत. पूर्वी वाऱ्याच्या दिवसांत सगळ्यांच्या होड्या ओढून या शेडमध्ये आणायचे. आता होड्याच चारदोन उरल्या होत्या, म्हणून शेडचं संग्रहालय होणार होतं. होड्या होत्या तेव्हा छपराला एक कौल मिळत नव्हतं. त्या गेल्यावर बघा, काचेची कपाटं आली, दिवे आले, भिंतींना रंग आला. जिवंतपणी पाणी विचारायचं नाही आणि मेल्यावर फोटोला हार घालायचा, असल्या जातीचं हे कौतुक मावशीला पहिल्यापासून सहन होत नव्हतं.

आत शिरल्या शिरल्या तिला एका कपाटात आपल्या सासूची टोपली दिसली. खाली चिठ्ठी होती: मासे वाहून नेण्याची पारंपरिक टोपली. त्या टोपलीनं जन्मात मासा पाहिला नव्हता. सासूबाई तिच्यात कोळसा ठेवत. कपाटं मात्र सुरेख झाली होती, सांधा कुठे दिसत नव्हता. ती मावशीच्या मुलानं केली होती. तो सुतार होता, आणि चांगला सुतार होता, हे ती त्याच्या तोंडावर कधी म्हणत नसे.

जाळं खाली टाकून ती सवयीनं पाण्याकडच्या दाराकडे वळली. त्या दारातून बाहेर पडताना हात आपोआप वर जायचा. दारावरची तुळई उंच माणसाचा हात सहज पोचावा आणि बुटक्यानं टाचा उचलाव्यात अशी होती. मावशीनं टाचा उचलल्या, तळहात तुळईला टेकवला, आणि तो घसरला.

तुळई गुळगुळीत होती. वर वॉर्निश मारलेलं, एखाद्या हॉटेलच्या काउंटरसारखं चकचकीत. मावशीनं हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि परत आणला. बोटांना काहीच लागलं नाही.

त्या तुळईवर खाचा होत्या. तळ्यात जो बुडेल त्याची एक खाच, आणि ती त्याच्या घरच्या सगळ्यात जवळच्या माणसानं होडीतल्या कुऱ्हाडीनं पाडायची, असा तिथला रिवाज. नखाएवढी, हलक्या हातानं, एका घावात. तिच्याशेजारी नाव लिहायचं नाही, आणि बुडालेल्याचं नाव काठावर पुन्हा घ्यायचंही नाही; घेतलं तर तळं ऐकतं आणि आणखी मागतं, असं म्हणत. आता सगळ्यांची घरं काठावरच, त्यामुळे नाव घ्यायचं नाही म्हणजे कधीच घ्यायचं नाही. कुणाची खाच कुठली, हे ज्याच्या त्याच्या तळहाताला ठाऊक. पाण्यावर जाताना दारातून हात वर करायचा, आपल्या माणसाला चाचपायचं आणि निघायचं. पोरांना हे सांगत नसत. ज्या दिवशी पोर पहिल्यांदा एकट्यानं होडी काढेल, त्या दिवशी घरातलं मोठं माणूस त्याचा हात धरून तुळईवर ठेवी आणि हळू आवाजात काय ते सांगे. तेवढं एकदाच.

मावशीच्या नवऱ्याची खाचही तिथेच होती. ती नखाएवढी नव्हती. तो गेला तेव्हा मुलगा रांगत होता. कुऱ्हाड हातात दिल्यावर तिनं एक घाव घातला, मग दुसरा, आणि मग ती थांबेचना. म्हातारे ओरडले, दार पडेल म्हणाले, शेवटी कुणीतरी तिचा हात धरला. पुढे कितीतरी दिवस बायका एकमेकींना सांगत होत्या की रडायचं सोडून ही बाई लाकूड फोडत होती.

आणि आता त्या जागी वॉर्निश होतं.

रागानं तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मावशीची मस्तकात थांबली नाही, सरळ तोंडावाटे बाहेर आली. ती धक्क्यावर गेली तेव्हा तिथे मास्तर उद्याच्या खुर्च्या मांडून घेत होते आणि तात्या एका उलट्या होडीवर बसून त्यांना खुर्च्या वाकड्या लागल्यात असं सांगत होता. तात्या म्हणजे काठावरचा सगळ्यात म्हातारा नावाडी. मावशीचा कुऱ्हाडीचा हात धरणारा तोच.

"कुठल्या नतद्रष्टानं रंधा मारला त्या तुळईला?" मावशी म्हणाली.

मास्तरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं. खुर्च्या लावणारी माणसं होती, म्हणून तिला जरा बाजूला घ्यायला बघितलं. मावशी बाजूला झाली नाही. मग मास्तर कसंबसं सांगू लागले, की मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं, शेड नव्यासारखी करायची, लाकूडकाम तासून घ्यायचं. तुळईचं वेगळं असं कुणी काही बोललंच नाही. त्यांना वाटलं तात्या बोलेल. तात्याला वाटलं मास्तर अध्यक्ष आहेत, तेच बोलतील. बाकी ज्यांना ज्यांना माहीत होतं त्या सगळ्यांना असंच वाटलं. अळीमिळी गुपचिळी, आणि मधल्यामधे तुळई साफ झाली.

"काम चालू असताना तुम्ही आला नाहीत इकडे?"

मास्तर खुर्ची सरळ करू लागले. तात्याच म्हणाला, "आलो होतो गं. दोघंही आलो होतो. अर्धी झाली होती."

"अर्धी उरली होती ना? मग?"

"मग काय? थांब म्हणायचं तर का थांब ते सांगावं लागतं," तात्या म्हणाला. "आपण बोलत नाही, पोरी. मी घरी गेलो. जेवलो नाही त्या दिवशी."

मावशीला वाटलं, या दोघांना त्यांच्या खुर्च्यांसकट तळ्यात ढकलावं. तिनं ढकललं नाही, पण बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. म्हणाली, न जेवून उपकार केलेत. जन्मभर पोरांना हाताची घडी तोंडावर बोट शिकवलंत, मास्तर, आणि वेळ आली तेव्हा स्वतः तेच केलंत. इतिहास जतन मंडळ म्हणे. तुमच्या डोळ्यांदेखत आपली माणसं कुणी ढलप्या करून झाडूनं लोटली आणि तुम्ही मूग गिळून बघत राहिलात. कोळशाच्या टोपलीला काचेचं कपाट, आणि माणसांना रंधा. ती हे सगळं ओरडून बोलली, त्यामुळे खुर्च्यावाल्यांनी काम थांबवलं होतं.

"आणि तो कंत्राटदार कोण ते सांगा," ती म्हणाली. "त्याला बघतेच मी."

मास्तरांनी तात्याकडे पाहिलं. तात्यानं पाण्याकडे पाहिलं.

"कंत्राटदार नव्हता," मास्तर म्हणाले. "तू घरी जा. घरीच विचार."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण मावशीनं आयुष्यात दुसऱ्यांसाठी पुष्कळदा वापरली होती. चढाच्या रस्त्यानं मुलाच्या सुतारखान्याकडे जाताना ती तिला आठवली आणि आणखीच संताप आला. रस्त्यात दोघातिघांनी मावशी म्हणून हाक मारली. तिनं एकाकडेही पाहिलं नाही.

सुतारखाना तळ्यापासून वर, जिथून पाणी दिसत नाही अशा गल्लीत होता. जागा मावशीनंच निवडली होती. नवरा गेल्यावर तिनं एकच गोष्ट पक्की केली होती, की पोरगा पाण्यावर जाणार नाही. तो शाळेतून परस्पर सुताराकडे शिकायला जायचा. मित्रांबरोबर धक्क्यावर दिसला तर तिथेच पाठीत धपाटा. तो पोहायलासुद्धा शिकला नाही. एवढ्या पाण्याच्या काठावर वाढलेला आणि पोहता न येणारा तो एकटाच असेल. लोक हसायचे, मावशी त्यांना हसू द्यायची.

मुलगा खिडकीची चौकट घासत होता आणि सून बाजूला एका स्टुलाला पॉलिश करत होती. आईला बघून तो हसला. कपड्यांवरचा भुसा झटकत म्हणाला, "बघितलंस का? सांगणार नव्हतो उद्यापर्यंत. कशी झाली शेड?"

मावशीनं विचारलं, तुळई तू तासलीस?

"मीच. फुकट केलं सगळं, मंडळाकडे कुठे काय आहे. तूच म्हणायचीस ना, होडीघराची पार रया गेली. म्हटलं, आपल्या हातात आहे ते करू." तो कौतुकानं सांगत होता. "ती तुळई तर काय झाली होती! कुणी येताजाता कुऱ्हाडीची धार बघत असणार. सगळी टोचे पडलेली. पण लाकूड बघ, आतून अजून ताजं. एक खाच मात्र भलतीच खोल होती. रंध्यानं जाईना, गेली असती तर तुळईच कमी झाली असती. मग भुसा आणि सरस कालवून बुजवली. वरून हात फिरव, कळणारसुद्धा नाही."

मावशी खाली बसली. स्टूल पॉलिशनं ओलं होतं. ती लाकडांच्या ढिगावर बसली. सुनेनं पाणी पुढे केलं ते तिनं घेतलं नाही.

मग तिनं त्याला सांगितलं. इतक्या वर्षांत हे कुणी असं भर दिवसा, मोठ्या आवाजात, चार भिंतींमध्ये सांगितलं नसेल. कुणाच्या खाचा, कशासाठी, कोण पाडायचं. आणि ती खोल खाच कुणाची, आणि कुणी पाडली. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. आपल्या बापाला सरस लावून बुजवलंस, असं ती म्हणाली. हात कसा उचलला, विचारावंसं कसं वाटलं नाही, डोळे कुठे होते, असं पुष्कळ काही म्हणाली. मुलगा घासकागद हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू लाल झाला. राग आईचाच घेतला होता त्यानं, फक्त तो सहसा वापरत नसे.

"मला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला.

मावशी म्हणाली, सांगतात ते होडी काढतो त्या दिवशी.

"आणि मला होडी कुणी काढू दिली नाही?"

सुनेनं पॉलिशचं फडकं खाली ठेवलं.

"मी विचारायचो तुला. बाबा कसे होते, काय करायचे, माझ्यासारखे दिसायचे का. तू काय म्हणायचीस, आठवतं? जाऊन पाण्याला विचार, म्हणायचीस. आणि पाण्याकडे गेलो की मारायचीस." त्यानं घासकागद बाकावर आपटला. "मला बाप म्हणून आपल्या घरात काय होतं? एक फोटोसुद्धा नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून तो एका लाकडात लपवलात, ते लाकूड कुठलं तेही सांगितलं नाहीत, आणि आता म्हणता मी रंधा मारला. बरं झालं मारला. निदान एवढं तरी कळलं."

सून त्याला अहो, अहो म्हणत होती. मावशी उठली. या वाक्याला उत्तर द्यायला तिच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. ती तशीच चढ उतरून घरी गेली.

दिवसभर ती घरात भांडी आपटत राहिली. मास्तरांवरचा राग खरा होता, तात्यावरचा खरा होता, पण त्या दोघांनी केलं काय? गप्प बसले. आणि ती काय करत आली होती? राग काढायला दुसरं माणूस उरलं नाही, की तो बाहेर जात नाही, घरातच येरझाऱ्या घालतो. संध्याकाळी तिनं पलंगाखालची पेटी ओढली. तिच्यात नवऱ्याच्या होडीतली कुऱ्हाड होती, गोणपाटात गुंडाळलेली. दांडा सुकून सैल झाला होता. तिनं तो पाण्यात भिजत घातला आणि पात्याला धार लावत बसली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. रस्त्याकडच्या दाराशी मांडव होता, माईक होता, नगराध्यक्ष आले होते. लाल फीत कापून झाली, टाळ्या झाल्या आणि नगराध्यक्ष बोलायला उभे राहिले. ज्या समाजाला आपला भूतकाळ माहीत नाही, अशी त्यांनी सुरुवात केली. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. मावशी खुर्च्यांच्या मागून, शेडला वळसा घालून पाण्याकडे गेली. कुऱ्हाड शालीत होती. तुळईची काय ती विल्हेवाट लावायचीच, असं ती ठरवून आली होती. तोडायची की काय करायचं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

दारात मुलगा होता. स्टुलावर उभा राहून पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन तो तुळईत काहीतरी खणत होता. त्याच्या केसांवर, भुवयांवर भुसा पडला होता. त्यानं आईकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं. सरस घट्ट बसला होता. चांगल्या सुताराचं काम, सहजासहजी सुटत नव्हतं.

ठक ठक आवाज शेडभर घुमत होता आणि पार माईकपर्यंत जात होता. नगराध्यक्ष एकदा थांबले, हसले, आणि पुन्हा भूतकाळाकडे वळले. तेवढ्यात मास्तर आतून लगबगीनं आले, मागोमाग तात्या.

"अरे, भाषण चालू आहे," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "हे नंतर करता येईल."

मावशीनं शाल बाजूला केली आणि कुऱ्हाड त्यांच्यापुढे धरली. मास्तर एक पाऊल मागे सरकले.

"तुमच्या घरची कुठे होती?" तिनं विचारलं.

मास्तरांच्या घरची एक खाच होती, हे तिला माहीत होतं. त्यांची धाकटी बहीण. मास्तर त्या वेळी कॉलेजात होते. आईला उभं राहवत नव्हतं, म्हणून खाच त्यांनी पाडली होती. त्यानंतर ते पाण्यावर कधी गेले नाहीत, पण दारातून जाताना त्यांचा हात वर जाताना मावशीनं कितीदा पाहिला होता.

मास्तर पुढे झाले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात वर केला आणि वॉर्निशवरून सरकवत नेला. खांबापासून जरा पुढे जाऊन हात थांबला, मागे आला, पुन्हा थांबला. "इथे," ते म्हणाले.

त्यांनी कुऱ्हाड घेतली. मावशीनं पातं धरून ठेवलं.

"आधी नाव घ्या," ती म्हणाली.

"काठावर घेत नाहीत."

"घेतलं नाही म्हणून तर हे झालं. तळ्यानं काय कमी मागितलं आपण गप्प होतो म्हणून? घ्या नाव, मास्तर, नाहीतर कुऱ्हाड मिळणार नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांकडून राजांच्या वंशावळी घोकून घेतल्या, त्याला एक नाव उच्चारता येईना. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मुलानं हातोडा थांबवला होता. शेवटी नाव आलं, तेही लाडाचं, घरात हाक मारायचं, आणि मास्तरांना ते स्वतःच्या कानांनी ऐकू आल्यावर त्यांचा चेहरा पार वेडावाकडा झाला. त्यांनी घाव घातला. म्हाताऱ्या हाताचा घाव, जेमतेम नखाएवढी खाच. मग ते दाराच्या चौकटीला टेकून लहान मुलासारखे रडले. मावशीला त्यांच्यावर दया आली नाही असं नाही, पण राग कमी झाला नाही.

मग तात्यानं कुऱ्हाड घेतली. त्याच्या दोन होत्या, एक भाऊ आणि एक मुलगा. भावाचं नाव त्यानं खणखणीत घेतलं. मुलाचं घेताना मावशीनं त्याचा हात धरला.

तोवर खुर्च्यांवरची माणसं एकेक करत आत आली होती. ज्यांना माहीत होतं ते पुढे आले. सगळे नाही. एका घरचे लोक म्हणाले हा अपशकुन आहे, आता तळं कुणाला तरी नेणार, आणि मुलाबाळांना घेऊन तरातरा निघून गेले. एक म्हातारी पुढे आली, पण तिला जागा आठवेना. ती तुळईखाली हात वर करून नुसती उभी राहिली आणि तशीच मागे गेली. तिकडे माईकवर आभार मानायचं काम चालू होतं. जेवढ्यांना येत होतं तेवढ्यांनी नावं घेतली आणि खाचा पाडल्या. तरी तुळई अर्ध्याहून अधिक कोरीच राहिली. जी घरं गाव सोडून गेली होती, ज्यांच्या मागे कुणी उरलं नव्हतं, त्यांच्या खाचा रंध्याबरोबर गेल्या त्या गेल्याच. मंडळाच्या कुणा सभासदानं सुचवलं, की उरलेल्या जागी अंदाजानं थोड्या पाडून घेऊ, म्हणजे तुळई पूर्ण दिसेल.

"एक जरी पाडलीत ना," मावशी म्हणाली, "तर पुढची मी तुमच्या टाळक्यात पाडीन. दिसू दे कोरी. काय केलंय आपण ते दिसू दे."

तो सभासद चहाचं बघायला गेला. हळूहळू बाकीचेही गेले. मास्तरांना तात्यानं हाताला धरून नेलं. दारात मावशी आणि मुलगा उरले.

मुलानं खाचेतला शेवटचा तुकडा उकरून काढला, फुंकर मारली, आणि आत बोट घातलं. ते पेराच्या वर गेलं.

"सगळ्यांच्या एवढ्याशा," तो म्हणाला. "ही एवढी खोल का?"

"राग आला होता."

"तळ्याचा?"

"तळ्याला काय कळतं? त्याचा. म्हटलं होतं, वारा आहे, आज जाऊ नकोस. भांडले होते मी त्याच्याशी. हसला आणि गेला."

"अजून आहे?"

"आहे," मावशी म्हणाली. "तेव्हा आला नसता, तर तुझ्या रंध्यानं बापही गेला असता."

मुलगा स्टुलावरून उतरला. हातातली पटाशी त्यानं पुसून खिशात ठेवली, पण जायला निघाला नाही. मावशीनं आधी टाचा उचलल्या, तळहात खाचेवर ठेवला आणि नवऱ्याचं नाव घेतलं, आडनावासकट, पाण्याला ऐकू जाईल असं. मग तिनं मुलाचा हात धरून वर नेला. त्याला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. तो बापासारखा उंच होता, हे तिनं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला.

मावशी उंबऱ्यावर बसली आणि भांडण कशावरून सुरू झालं होतं, तिथून सांगायला लागली.